खिदमत म्हणजे झोपवून ठेवणे नव्हे

माझे अब्बा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षे त्यांनी चालत्या गाडीत उभे राहून तिकिटे फाडली. बुलढाण्याहून मलकापूरला जाताना लागणारा राजूर घाट ज्यांनी एसटीने उतरला आहे, त्यांना ठाऊक आहे की तिथल्या वळणांवर बसलेला माणूससुद्धा शेजाऱ्याच्या अंगावर जातो. अब्बा मात्र सीटच्या कडेला मांडी टेकवून, काखेत तिकिटांचा ट्रे धरून, सुटे पैसे मोजत उभे असायचे. कशाला धरायची गरज त्यांना पडत नसे.

त्याच माणसाला दोन वर्षांपूर्वी, लकव्यानंतर दवाखान्यातून घरी आणले तेव्हा, पलंगाच्या कडेवर बसता येत नव्हते. आम्ही हात सोडला की ते डावीकडे कलंडत. लुळी पडलेली बाजूही तीच. सावरायला गेलो, तर चांगल्या उजव्या हाताने पलंगाला रेटा देऊन ते स्वतःला आणखी डावीकडे ढकलत. "अब्बा, सीधे बैठो" म्हटले की चिडून म्हणत, "सीधाच तो बैठा हूँ." घरात कुणी म्हणाले, हट्टी झाले. कुणी म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. अम्मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

मग आम्ही तेच केले, जे आपल्याकडे बहुतेक घरांत होते. त्यांना आडवे केले. दोन्ही बाजूंना लोड लावले. घास भरवले, अंग पुसले, पाय चेपले, आणि आपण खिदमत करतो आहोत असे समजून समाधान मानले. ती खिदमत नव्हती, निदान पुरती नव्हती, हे सांगण्यासाठी आज लिहितो आहे. लकव्याच्या रुग्णाला प्रेमाने झोपवून ठेवणे ही आपल्या घराघरांतली चूक आहे आणि तिची किंमत रुग्ण चुकवतो.

मी डॉक्टर नाही, आलिमही नाही. या दोन वर्षांत जे पाहिले, विचारले आणि वाचले, तेवढ्याच आधारावर लिहितो आहे.

तोल कुठे असतो?

आपण सरळ बसलो आहोत की वाकडे, हे आपल्याला कसे कळते? डोळे सांगतात. कानाच्या आतला भाग सांगतो. पायांचे तळवे, सांधे आणि स्नायू सांगतात. या तिन्ही ठिकाणांहून आलेली खबर मेंदू एकत्र करतो आणि पाठ, पोट, कंबर, पाय यांना हुकूम देतो. हे काम इतके मुकाट्याने चालते की आपल्याला त्याची जाणीवही नसते. लकव्यात मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. हातपाय लुळे पडलेले सगळ्यांना दिसतात. पण खबरा एकत्र करणारे ते कामही बिघडलेले असते आणि ते कुणाला दिसत नाही.

अब्बांचे तेच झाले होते. बुलढाण्याच्या एका तरुण फिजिओथेरपिस्टने पाच मिनिटांत ओळखले. तो म्हणाला, "चाचा हट्ट करत नाहीत. त्यांच्या मेंदूला 'सरळ' ही जागाच डावीकडे सरकलेली वाटते. तुम्ही त्यांना खरोखर सरळ करता, तेव्हा आपण उजवीकडे पडतोय असे त्यांना वाटते. म्हणून ते घाबरून उलटे ढकलतात." लकव्याच्या काही रुग्णांत हा दोष येतो, आणि बहुतेकांत तो सरावाने काही महिन्यांत ओसरतो. त्याने अब्बांना दाराच्या चौकटीसमोर बसवले आणि सांगितले, "चाचा, अंगाला काय वाटते ते सोडा. डोळ्यांनी चौकट बघा. तिच्याशी खांदे जुळवा." बिघडलेल्या खबरेवर उपाय म्हणून शाबूत असलेली खबर वापरायची. इतकी साधी गोष्ट, पण ती सांगणारा माणूस भेटेपर्यंत आमचे पाच आठवडे गेले होते. तेवढे दिवस आम्ही एका आजारी माणसाला हट्टी ठरवत होतो.

त्याने आणखी एक चूक दाखवली. अब्बांना उठवताना आम्ही त्यांचा लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढत होतो. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात. अशा हाताला ओढले की हाड खोबणीतून खाली सरकते. अब्बांचा डावा खांदा तसाच उतरला होता. महिनाभर ते रात्री कण्हायचे आणि आम्ही त्याला लकव्याचेच दुखणे समजून तेल चोळत होतो.

आधी बसणे, मग चालणे

आपल्याकडे रुग्ण घरी आला की पहिला प्रश्न असतो, "चालायला कधी लागतील?" फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारला, "आधार न घेता बसतात का? किती मिनिटे?" धड सावरले नाही तर पाय उचलून उपयोग नाही. म्हणून आधी कुशीवर वळणे, मग कुशीवरून उठून बसणे, मग बसल्या जागी पुढे, उजवीकडे, डावीकडे हात नेऊन परत मध्यावर येणे. त्यानंतर उभे राहणे, दोन्ही पायांवर सारखा भार देणे, आणि मग पाऊल. लकवा झालेला माणूस उभा राहिला की सगळा भार चांगल्या पायावर टाकतो. लुळ्या पायावर भार घ्यायची त्याला भीती वाटते. ती भीती सरावानेच जाते.

उठण्याचीही एक रीत आहे. पाय थोडे मागे घ्यायचे, अंग पुढे झुकवायचे, नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत, आणि मग उठायचे. मदत करणाऱ्याने लुळ्या बाजूला उभे राहायचे आणि हाताला नव्हे, कमरेला आधार द्यायचा. आम्ही अब्बांच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचो आणि तो धरायचो. काठी चांगल्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी. हे कुणी एकदा नीट दाखवले तर घरातला दहावीतला मुलगाही करू शकतो. न दाखवता केले तर घरातला शहाणा माणूसही नुकसान करतो.

उलट टोकही आहे. काही लोक दुसऱ्याच दिवशी रुग्णाला चालवायला निघतात. पाच देशांतल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. लकव्यानंतर पहिल्या २४ तासांतच जोराने आणि वारंवार उठवलेल्या रुग्णांचे तीन महिन्यांनी इतरांपेक्षा बरे नव्हे, थोडे वाईटच झाल्याचे त्यात दिसले. म्हणून कधी उठवायचे हे डॉक्टरने ठरवावे. पण एकदा त्यांनी परवानगी दिली की दिवस वाया घालवू नयेत. सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत. नंतरही होते, पण संथपणे. आणि हेच तीन महिने आपल्याकडे इयादत, सल्ले आणि मालिश यांत जातात.

इयादतीला येणाऱ्यांना एक विनंती

आजाऱ्याला भेटायला जाणे ही आपल्याकडे मोठी नेकी आहे. अब्बांना भेटायला मोहल्ल्यातले, एसटी डेपोतले, शेजारच्या गल्लीतले, सगळ्या जातिधर्मांचे लोक आले. त्यांच्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. पण त्यांतले बहुतेक जण एकच वाक्य बोलून गेले, "आता काही करू नका, फक्त आराम करा." कुणी जंगली कबुतराचा शोरबा सांगितला. कुणी अमुक गावच्या औषधाचे नाव सांगितले. कुणी सैलानीला नेऊन आणा म्हणाले. दुआ जरूर करावी, दर्ग्यावर ज्याची श्रद्धा असेल त्याने जावे. मात्र लकव्याचे घड्याळ कुणासाठी थांबत नाही. रक्ताच्या गुठळीमुळे झालेला लकवा असेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, अचानक तोल गेला, यांपैकी काहीही दिसले की त्या क्षणी १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्याची वाट धरावी. आम्ही पोहोचलो तेव्हा सात तास झाले होते. पहाटे लकवा आला आणि आम्ही उजाडण्याची वाट पाहिली.

आता विनंती. इयादतीला जाल तेव्हा रुग्णाच्या लुळ्या बाजूला बसा. काहींना त्या बाजूचे भान राहत नाही. तुम्ही तिकडून बोललात की मान तिकडे वळते, तेवढीच त्यांना मदत. पाण्याचा पेला तोंडाला लावू नका, हातात द्या. पाणी गिळताना ठसका लागत नाही ना, एवढे मात्र आधी घरच्यांना विचारा. आणि "आराम करा" म्हणण्याऐवजी "आज किती वेळ बसलात?" असे विचारा.

नमाजची पायरी

हजरत इमरान बिन हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाज कशी पढावी असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. उत्तर मिळाले की उभे राहून पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. ही हदीस आपण सगळे सवलत म्हणून सांगतो आणि ती सवलत आहेच. पण अब्बांच्या आजारात मला तिचा क्रम नव्याने दिसला. उभे, बसून, कुशीवर. फिजिओथेरपीची पायरी नेमकी हीच आहे, फक्त खालून वर जाणारी. कुशीवर, बसून, उभे. जो माणूस आज कुशीवर आहे त्याने तिथेच राहावे असे कुणी सांगितलेले नाही. आज जेवढी ताकद आहे तेवढे करावे, आणि उद्या जास्त असेल तर जास्त.

अब्बा सुरुवातीला पडूनच इशाऱ्याने पढत. दोन महिन्यांनी ते पलंगाच्या कडेवर पाय टेकवून बसून पढू लागले. पाच वेळच्या नमाजने त्यांना दिवसातून पाच वेळा बसायला लावले. व्यायामाला ते कंटाळा करायचे, नमाजला नाही. पुढे समोर जड टेबल आणि मागे खुर्ची ठेवून एका रकातीपुरते उभे राहू लागले. मी असे म्हणत नाही की नमाज हा व्यायाम आहे. नमाज ही इबादत आहे. पण ज्याच्या अंगात पन्नास वर्षांची सवय मुरलेली आहे, त्याला त्या सवयीच्या आधाराने उठवणे सोपे जाते. आमच्या शेजारचे काका दरवर्षी शेगावला पायी जायचे. लकव्यानंतर त्यांच्या सुनेने त्यांना रोज संध्याकाळी टाळ हातात देऊन खुर्चीत ताठ बसवायला सुरुवात केली. तीही तीच युक्ती आहे.

मात्र दोन ठिकाणी सावध राहावे. सजद्यात डोके खाली जाते आणि जमिनीवरून उठणे ही तर तोलाची सगळ्यात अवघड परीक्षा. रक्तदाब ताब्यात नसेल किंवा रक्तस्रावाचा लकवा असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जमिनीवरचा सजदा नको, इशारा पुरेसा आहे. दुसरे ठिकाण वुजूचे. ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय धुणे हे धडधाकट म्हाताऱ्यालाही पाडते. रुग्णाने स्टुलावर बसूनच वुजू करावा. आणि आपल्या मशिदींच्या कमिट्यांनी मिनार रंगवण्याआधी वुजूखान्यात भिंतीला लोखंडी दांडा लावावा, दोन बैठकी उंच कराव्यात, पायरीशेजारी उतार करावा. यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. मशिदीत खुर्च्या ठेवाव्यात की नाही यावर आपण तासन्तास वाद घालतो. खुर्चीपर्यंत माणूस न पडता कसा पोहोचेल, यावर कुणी बोलत नाही.

फुफीची गोष्ट

अब्बांच्या आधी एक वर्ष माझ्या फुफीला लकवा झाला होता. आजार तोच, कुटुंब तेच. फरक एवढाच की ती बाई होती आणि खेड्यात होती. तालुक्याच्या गावी खाजगी फिजिओथेरपिस्ट होता, पण पुरुष. परक्या पुरुषाने कमरेला धरून उभे करायचे, हे घरात कुणाला पटले नाही. तिलाही नाही. इलाजाची गरज असेल आणि महिला मिळत नसेल, तर शरीअत वाट अडवत नाही, हे आपले उलेमाच सांगतात. पण त्या वेळी कुणी विचारायलाच गेले नाही. मीही नाही. सगळ्यांनी मिळून तिची खूप खिदमत केली. म्हणजे तिला पडून राहू दिले.

आठव्या महिन्यात एका रात्री ती कुणाला न उठवता संडासला निघाली. उंबरठ्याला पाय अडला. लुळ्या बाजूवर पडली आणि खुब्याचे हाड मोडले. लकव्यानंतर वापरात नसलेल्या बाजूची हाडे विरळ होत जातात, आणि माणूस पडतोही बहुधा त्याच बाजूवर. त्यानंतर ती उठली नाही. तीन महिन्यांनी गेली. सगळे म्हणाले, अल्लाहची मर्जी. मर्जी त्याचीच. पण उंबरठा आम्ही काढू शकलो असतो. रात्री दिवा ठेवू शकलो असतो. तिला बसायला आणि उठायला शिकवू शकलो असतो. यातले काहीही न करता सगळे तकदीरवर टाकणे हा सब्र नव्हे.

फक्त घरच्यांवर सोडून चालेल का?

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे घरच्यांना शिकवले की झाले. मलाही तसेच वाटत होते. पण भारतातच झालेला एक अभ्यास वेगळे सांगतो. देशातल्या १४ रुग्णालयांत लकव्याच्या १२५० रुग्णांवर तो झाला आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना दवाखान्यातच व्यायाम आणि देखभालीचे प्रशिक्षण दिले, नंतर घरीही काही भेटी दिल्या. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पाहिले, तर मृत्यू आणि परावलंबन यांत दोन्ही गटांत फरक नव्हता.

घरच्यांनी काही करू नये, असा अर्थ मी यातून काढत नाही. हात ओढू नये, उंबरठा काढावा, रुग्णाला बसवावे, हे घरच्यांनाच करायचे आहे. पण थोडे प्रशिक्षण देऊन सगळे ओझे कुटुंबावर टाकले की फिजिओथेरपिस्टची गरज संपली, असे सरकारला म्हणता येणार नाही, हे या अभ्यासातून मला कळते. बहिणीची, सुनेची माया फुकट मिळते म्हणून ती प्रशिक्षित माणसाची जागा घेऊ शकत नाही.

आणि हा आजार काही मूठभर शहरी लोकांचा नाही. विदर्भातल्याच गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. लकवा हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. दर सात मृत्यूंत एक. हे आकडे मेलेल्यांचे आहेत. जे जगले आणि पलंगाला खिळले, ते त्यात नाहीत.

आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. अब्बांसाठी आम्हाला आमच्या तालुक्याच्या ठिकाणी सरकारी फिजिओथेरपिस्ट मिळाला नाही. खाजगीत एका वेळचे तीनशे रुपये, शिवाय रिक्षा, शिवाय सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. अब्बांना पेन्शन थोडी, पण मुले कमावती होती, म्हणून आमचे निभावले. कापूस वेचणाऱ्या बाईचे कसे निभावेल? महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर दवाखान्यात दाखल असतानाच्या उपचारांवर आहे. लकव्याच्या रुग्णाची खरी लढाई तर घरी गेल्यावर सुरू होते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन केले. त्यांत बुलढाणा होते. आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. आता मागणी करायची वेळ आहे. या महाविद्यालयात लकव्याचा स्वतंत्र कक्ष आणि त्याला जोडून पुनर्वसन विभाग असावा. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातले ठरलेले दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा, आणि त्यांत महिला असाव्यात. दवाखान्यातून सोडताना कागदावर 'फिजिओथेरपी करा' एवढी एक ओळ न लिहिता, रुग्णाला उठवायचे कसे हे घरच्यांकडून एकदा करून घ्यावे. आमच्या कागदावर ती एक ओळच होती. निवडणुकीत उमेदवार दारात येतात, तेव्हा कब्रस्तानच्या भिंतीसाठी निधी मागायला आपण विसरत नाही. जिवंत माणूस उभा राहावा म्हणूनही एकदा मागून पाहू.

शेवटी, लकवा पुन्हा येऊ शकतो. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये. रमजानमध्ये रोजे धरायचे असतील तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरकडून सहरी आणि इफ्तारप्रमाणे बदलून घ्याव्यात. मनाने सोडू नयेत. अब्बांनी आजाराआधी तेच केले होते.

अब्बांचा डावा हात आजही चालत नाही. तो बहुधा आता चालणारही नाही. पण ते काठी घेऊन जुम्याला मशिदीत जातात. शेवटच्या सफच्या कडेला, खांबाजवळ त्यांची जागा ठरली आहे. पहिली रकात उभे राहून पढतात, बाकीच्या बसून. मागच्या महिन्यात घरासमोरच्या ओट्याची पायरी उतरताना मी सवयीने त्यांचा हात धरायला गेलो, तर म्हणाले, "हाथ छोड. कमर पकड." दोन वर्षांत त्यांनी शिकवण आमच्यापेक्षा चांगली लक्षात ठेवली आहे.

अल्लाह आपल्या सर्व आजारी माणसांना शिफा देवो आणि आपल्याला त्यांची खरी खिदमत करण्याची समज देवो. आमीन.